चार मिनिटं

उदगीरच्या दवाखान्यात एक्स-रेच्या मागं,
जिथं आधी मोडक्या खाटा ठेवायचे,
तिथं माझी लॅब.
कुणी डोकावू नये म्हणून काचेला हिरवा रंग फासलाय.
लोक तो नखानं खरवडतात.
तेवढ्या चिरेतून ऊन येतं
आणि बाराच्या सुमाराला सेंट्रिफ्यूजवर पडतं.

इरफाना मॅडम शेजारच्या खोलीत समजावत असतात,
माझ्याकडं फक्त नळी येते.
अकराशे सत्तेचाळीस.
नाव विचारायचं नाही, हा नियम मला आवडतो.
नावामागून आडनाव येतं,
आडनावामागून चुलते येतात.
नंबरला चुलते नसतात.

रक्त खाली बसतं, वर पिवळसर पाणी सुटतं,
ताकावरच्या निवळीसारखं.
ते छप्पन्न डिग्रीला अर्धा तास.
लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.
मग काचेवर एक थेंब तुझा
आणि एक थेंब त्या औषधाचा,
जे गुराच्या काळजातून काढतात.
लातूरच्या ट्रेनिंगला सरांनी हे सांगितलं तेव्हा
शेजारची पोरगी डबा खायची थांबली होती.

चार मिनिटं काच फिरते.
त्या चार मिनिटांत मी काहीच करत नाही.
मारोती मामा चहा दाराबाहेरच ठेवून जातो.

मग भिंगाखाली बघायचं.
नसेल काही, तर नुसतं धुकं, सगळीकडं सारखं.
असेल, तर रवा.
दूध नासताना धरतो तसा.

तुझ्यात रवा होता.
पातळ करत गेले. निम्मं, पाव, अष्टमांश.
बत्तीसपर्यंत तो हटला नाही.

दुसऱ्या दिवशी तू सरळ आत आलीस,
सातवा महिना, चौकटीला धरून.
"बाई, त्ये कवापासून हाय, कळतंय का काचंत?
लग्नाआधीचं का नंतरचं?
घरी तेवढंच इचारूलालेत."
नाही कळत, म्हटलं.
"कुनाकडून आलं त्ये?"
नाही.
"मंग एवढं फिरवून कळतंय तरी काय?"

उत्तर मला सुचलं ते संध्याकाळी, एसटीत,
जळकोटच्या वाटेवर, उभ्यानं.
कळतं इतकंच की उद्या इंजेक्शन द्यायचं.
पण तोवर कॉरिडॉरमधून सासूनं तुला हाक मारली होती
आणि तुझं नाव मला फुकटात मिळालं होतं.
ते मी रजिस्टरात लिहिलं नाही.
इथंही लिहीत नाही.

तू त्याला काय सांगून आणलंस कोण जाणे.
अकराशे बासष्ट.
मला काहीच त्रास नाही, असं भिंतीकडं बघत म्हणत राहिला.
त्याचा आकडा चौसष्ट.
मोठा आकडा म्हणजे आधीचा आजार असं नसतं,
हे मला पाठ आहे.
तरी मी तो दोनदा मोजला
आणि दोन्ही वेळा बरं वाटलं.
शास्त्रात हे बसत नाही. लिहून ठेवते.

सुई घेतल्यावर दोघं गेटकडं निघालात
कमरेवर हात ठेवून, एकाच बाजूला लंगडत.
बोलत नव्हतात.
पाय मात्र बरोबरीनं पडत होते.

पौषात एक लहानशी नळी आली,
नंबरपुढं 'बाळ' लिहिलेली.
रवा होता, फिका, शोधावा लागेल इतका.
आईचं उसनं आहे, उतरेल, डॉक्टर म्हणाले.
डॉक्टर असं बऱ्याचदा म्हणतात.
तुझा तोवर आठावर आला होता.

ज्येष्ठात परत तीच काच.
अर्ध्यात लाईट गेली, मी शिवी हासडली,
पहिल्यापासून केलं.
भिंगाखाली धुकं.
घडीभर नजर हलवली नाही,
कुठं कण लपला असेल म्हणून.
धुकंच.

वर बघितलं तर हिरव्या काचेच्या चिरेत
एक डोळा. त्याच्याखाली, बराच खाली,
काच चाटणारं तोंड.
आत यायला सांगायला हवं होतं,
किंवा हाकलायला.
भिंगाशिवाय त्यात काही दिसत नाही,
तरी ती स्लाइड मी उचलून
चिरेसमोर धरली.